हिम, सिमेंट आणि हवा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी "काँक्रीटमधील हवा" असे उत्तर दिले आणि ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांचा परिचय आणि दिवंगतांना श्रद्धांजली यांच्यामध्ये सिमेंट-काँक्रीटला जागा कोठून मिळायची, अशी शंका त्यांच्या मनात आली असावी. ती रास्तच होती. मी काही इंजिनियर नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक आणि उभ्या आयुष्याचा शाळामास्तर. परंतु हा विषय आपल्या ज्ञातीचा आहे, आपल्या मुलांच्या पोटाचा आहे आणि त्यांच्या अब्रूचाही आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळेच मी आपल्यापुढे उभा आहे.

आपण लोणारी. आपल्या वाडवडिलांनी चुनखडी भाजली, कोळसा पाडला, मीठ पिकविले. वाईचे घाट घ्या, मेणवलीचा वाडा घ्या, नाहीतर आपल्या गावची जुनी वेस घ्या. दगडाला दगड धरून ठेवण्याचे काम चुन्याने केले. भट्टीत सुमारे नऊशे अंश उष्णतेवर चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बनचा वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून घाणीत मळायचा, कोठे गूळ, कोठे हिरड्याचे पाणी मिसळायचे आणि बांधकामात भरायचा. पुढे वर्षानुवर्षे तो चुना हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे भट्टीने जे काढून घेतले ते हवा परत देते. आपल्या धंद्याचा हा जुना सोबती, हवा, आजच्या व्याख्यानात पुन्हा भेटणार आहे; मात्र अगदी निराळ्या वेषात.

सिमेंट आले आणि चुन्याच्या भट्ट्या विझल्या. त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. आपली मुले भट्टीवरून उठली ती सेंट्रिंगवर, मिक्सरवर आणि व्हायब्रेटरवर गेली. माण, खटाव, आटपाडी, जत हा सारा पट्टा पावसाने कायमचा उपाशी ठेवलेला. खानापूर-आटपाडीकडची मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पांगली, तशी आपली मुले ठेकेदारांबरोबर जेथे काम निघेल तेथे गेली. कोणी मुंबईला, कोणी हैदराबादला, तर अलीकडे कोणी थेट हिमालयात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा वाहतुकीला खुला झाला, तेव्हापासून लाहौलच्या खोऱ्यात जाणे सोपे झाले आणि तिकडे बांधकामेही वाढली. अशाच एका कामावर माणदेशातला एक मुलगा मुकादम म्हणून गेला. तो माझा विद्यार्थी. त्याचे व त्याच्या ठेकेदाराचे नाव मी घेणार नाही. घेण्याची गरजही नाही.

उन्हाळ्यात त्याने एक संरक्षक भिंत उठवली आणि तिच्या माथ्यावर काँक्रीटचे मोकळे अंगण ओतले. काम गुळगुळीत झाले. सर्वांनी पाठ थोपटली. हिवाळ्यात काम बंद पडले, मंडळी घरी आली. पुढच्या उन्हाळ्यात परत जाऊन पाहतात तो अंगणाच्या पृष्ठभागाचे पापुद्रे सुटलेले, खडी उघडी पडलेली, कडा बोटाने खरवडल्या तरी भुगा पडावा अशा झालेल्या. ठेकेदाराने एकच निदान केले : "मुकादमाने सिमेंट खाल्ले." दोन महिन्यांचा पगार अडकवला आणि मुलाला घरी धाडले. गावात बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. कष्टकऱ्याला उपास सोसतो, पण चोरीचा आळ सोसत नाही. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगं तुमच्या हाताखालून गेलंय. ते चोर हाय का, एवढंच सांगा."

मुलाने मोबाईलवर काढलेली छायाचित्रे मी पाहिली, परंतु मला काही कळेना. शेवटी सांगलीस अभियांत्रिकी शिकविणाऱ्या एका सद्‌गृहस्थांकडे त्याला घेऊन गेलो. त्यांनी छायाचित्रे पाहून पहिला प्रश्न केला तो हा : "काँक्रीटमध्ये हवा किती ठेवली होती?" मुलगा म्हणाला, "हवा? ती तर व्हायब्रेटर लावून सगळी काढून टाकली!" ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला आणि आम्हा दोघांना तासभर जे समजावून सांगितले, त्यात नंतरच्या वाचनाची भर घालून मी आज आपल्यापुढे मांडतो.

पाण्याचा एक विलक्षण गुणधर्म आहे. बहुतेक पदार्थ थिजताना आक्रसतात. पाणी मात्र बर्फ होताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. काठोकाठ भरून घट्ट बूच लावलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर ती तडकते, हा अनुभव घरोघरी कोणी ना कोणी घेतलेला असेल. तीच बाटली थोडी रिकामी ठेवली, तर फुगणाऱ्या बर्फाला जागा मिळते आणि काच शाबूत राहते. आजच्या व्याख्यानाचे सारे तात्पर्य या दोन बाटल्यांत आहे.

काँक्रीट दगडासारखे दिसते, पण ते आतून सच्छिद्र असते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी जेवढे पाणी लागते, त्याहून अधिक पाणी आपण ओतताना घालतो, कारण त्याशिवाय माल पसरत नाही. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी केसाहूनही बारीक वाटा राहतात. पाऊस पडला वा बर्फ वितळले की या वाटांत पाणी भरते. हिमालयात शरद आणि वसंत ऋतूंत दिवसा ऊन पडते आणि रात्री पारा शून्याखाली जातो. दिवसा बर्फ वितळून पाणी आत मुरते, रात्री ते गोठून फुगते, दुसऱ्या दिवशी आणखी थोडे पाणी आत शिरते. एकदा गोठण्याने काही मोठे बिघडत नाही. पण एका हिवाळ्यात हा फेरा कित्येक वेळा होतो. दाराच्या बिजागरीत रोज कोणी पाचर मारावी, तसा हा प्रकार आहे. प्रथम पृष्ठभाग सुटतो, मग कडा जातात, मग खडी उघडी पडते. छायाचित्रांत नेमके तेच होते.

यावरचा उपाय माणसाला योगायोगाने सापडला, आणि ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. इसवी सन १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील थंड प्रदेशांत असे आढळून आले की, काँक्रीटच्या काही रस्त्यांचे हिवाळ्यात पापुद्रे निघतात, तर काही रस्ते तशाच थंडीत ठणठणीत राहतात. शोध घेता दिसले की टिकाऊ रस्त्यांचे काँक्रीट वजनाला किंचित हलके आहे, आणि त्यांचे सिमेंट ज्या गिरण्यांतून आले त्या गिरण्यांत दळण सुलभ व्हावे म्हणून जनावरांची चरबी वापरीत असत. चरबीमुळे काँक्रीट मळताना साबणाच्या फेसासारखे सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन तेथेच कायम राहिले होते. आपले पूर्वज चुन्यात गूळ आणि हिरडा घालीत, तेव्हा चिमूटभर पदार्थाने सगळ्या मालाचा स्वभाव बदलतो, हे त्यांना हाताने ठाऊक होते. तिकडे तेच चरबीने, अजाणता घडले. पुढे चरबीऐवजी पाइन वृक्षाच्या राळेपासून व अन्य रसायनांपासून केलेली द्रव्ये मुद्दाम घालण्याचा प्रघात पडला. मात्रा अगदी अल्प. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एखाद्या भागाच्या आतबाहेर.

हे बुडबुडे काय करतात? टी. सी. पॉवर्स या अमेरिकन संशोधकाने १९४५ व १९४९ साली याची मीमांसा मांडली. वाटेतले पाणी गोठू लागले की फुगणारा बर्फ उरलेल्या पाण्याला पुढे रेटतो. जवळपास रिकामी जागा असेल तर ते पाणी तेथे शिरते आणि दाब उतरतो. जागा दूर असेल तर वाटेतच दाब इतका वाढतो की सिमेंटचा लगदा फाटतो. म्हणून प्रश्न हवा किती आहे एवढाच नसून ती किती जवळ-जवळ आहे, हा आहे. कोणत्याही ठिकाणापासून बुडबुडा साधारण एक पंचमांश मिलिमीटरच्या आत सापडला पाहिजे. घाटरस्त्यावर मुसळधार पाऊस आला असता दहा कोसांवरची मोठी धर्मशाळा उपयोगी पडत नाही. पावलोपावली लहान आडोसा हवा. तद्वतच हे आहे. या मीमांसेत पुढील संशोधकांनी, स्वतः पॉवर्स यांनीही, पुष्कळ भर घातली; परंतु बुडबुड्यांच्या अंतराचा नियम आजही कामावर पाळला जातो.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्या मुलाची गफलत तेथेच झाली होती. काँक्रीट ओतताना जी हवा आपोआप अडकते, तिची भोके मोठी, वेडीवाकडी आणि विखुरलेली असतात. ती कामाला दुबळे करते. म्हणूनच आपण व्हायब्रेटर लावून ती काढतो, आणि ते योग्यच आहे. मुद्दाम राखलेली हवा निराळी. तिचे बुडबुडे मिलिमीटरच्या शतांशापासून फार तर एक मिलिमीटरपर्यंतचे, गोल आणि सर्वत्र सारखे पसरलेले असतात. पहिली हवा म्हणजे घरात शिरलेला चोर. दुसरी म्हणजे आपण नेमलेला पहारेकरी. दोघेही रात्री जागेच असतात, म्हणून दोघांना सारखेच समजून हाकलून देणे शहाणपणाचे नव्हे.

आपल्या देशाच्या मानक संस्थेने काँक्रीटसाठी जी संहिता २००० साली प्रसिद्ध केली, तीत हे स्पष्ट लिहिले आहे. ओल्या अवस्थेत गोठणे-वितळणे होत असेल अशा जागी एम ५० पेक्षा खालच्या प्रतीचे काँक्रीट वापरायचे असेल, तर वीस मिलिमीटर खडीच्या मालात पाच टक्के आणि चाळीस मिलिमीटर खडीच्या मालात चार टक्के हवा असावी. एखादा टक्का इकडेतिकडे चालेल. पाच टक्के म्हणजे एक घनमीटर काँक्रीटमध्ये पन्नास लिटर हवा! ऐकून गवंडी दचकेल, आणि त्याचे दचकणे अगदीच चुकीचे नाही. हवेच्या दर टक्क्यामागे काँक्रीटची दाब सोसण्याची शक्ती साधारण पाच टक्क्यांनी उतरते. परंतु बुडबुड्यांमुळे माल सैल आणि लवचीक होतो, त्यामुळे पाणी कमी घालता येते, आणि पाणी कमी केले की गेलेल्या शक्तीचा बराचसा भाग परत मिळतो. शिवाय सर्व शक्ती कागदावर ठेवून पृष्ठभाग गमावण्यापेक्षा थोडी शक्ती देऊन आयुष्य वाढविणे केव्हाही श्रेयस्कर.

कोणी विचारील, आपल्या साताऱ्या-सांगलीत याचा काय उपयोग? प्रश्न योग्य आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे गवतावर आणि मोटारींच्या टपांवर दव गोठते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात. पण ती पातळ साय सूर्य वर येताच विरते. जाड काँक्रीटच्या अंगातली ऊब तेवढ्यात जात नाही, आणि अतिसूक्ष्म वाटांतले पाणी शून्य अंशाखाली बरेच गेल्याशिवाय गोठतही नाही. महाबळेश्वरच्या काँक्रीटचा खरा वैरी तेथील पाऊस आहे. तो आत शिरून सळई गंजवतो. कोकण किनाऱ्यावर वैरी खारा वारा. आणि आपल्या कोयनेच्या धरणाचा वैरी कोण ठरला, हे माझ्या वयाच्या मंडळींना सांगायला नको. एकशे तीन मीटर उंचीचे ते धरण, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने हादरले, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, आणि धरणाला जेथे त्याच्या पाठीचा उतार बदलतो त्या पातळीवर भेगा पडल्या. धरण उभे राहिले. पुढे त्याला मागून आधार देऊन बळकट केले. म्हणजे जागा बदलली की वैरी बदलतो, आणि वैरी बदलला की चिलखतही बदलावे लागते. माणदेशात जी रीत बिनचूक, तीच लाहौलमध्ये घातक ठरली, ती यामुळे.

आता त्या मुलाच्या आळाकडे वळू. सांगलीच्या त्या गृहस्थांनी त्याला तीन प्रश्न विचारले. पहिला : "उभी भिंतही झडली का?" मुलगा म्हणाला, "नाही. फक्त वरचे अंगण, तेही जेथे पाणी साचते तेथे जास्त." दुसरा : "काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी तपासले होते का?" तपासले होते आणि ते उत्तीर्णही झाले होते. ठेकेदाराचे म्हणणे, ठोकळ्यांसाठी वेगळा चांगला माल केला असेल. म्हणून तिसरा प्रश्न : "त्या अंगणातून नळकांड्यासारखे नमुने कापून काढले आहेत का?" ते काढलेले नव्हते. त्या गृहस्थांनी कामावरच्या सरकारी अभियंत्याला पत्र लिहिले. नमुने काढले गेले. पापुद्र्याखालचा माल तपासात चांगला भक्कम निघाला.

मंडळी, तर्क पाहा. सिमेंट चोरले असते तर माल वरपासून खालपर्यंत सारखाच दुबळा निघाला असता. उभी भिंतही, आडवे अंगणही. येथे खालचा माल भक्कम, भिंत शाबूत, आणि फक्त जेथे पाणी साचून गोठले तेथेच पापुद्रे. तेव्हा हा घाव चोराचा नसून हिमाचा आहे, हे सिद्ध झाले. सरकारी अभियंत्याने तसे लेखी दिले. त्या कागदाची प्रत त्याच्या वडिलांनी गावच्या देवळात सर्वांसमोर मोठ्याने वाचून घेतली. वाचणारा मीच होतो.

परंतु मी शिक्षक आहे, तेव्हा बेरीज अर्धी सोडता येत नाही. मुलगा चोर नव्हता. चुकलेला मात्र होता. माल लवकर पसरावा म्हणून त्याने मिक्सरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त पाणी ओतू दिले होते, आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसावा म्हणून वर आलेल्या पाण्यातच थापी फिरवली होती. त्यामुळे वरचा थर अधिकच सच्छिद्र झाला. हे त्याने स्वतः कबूल केले, आणि कबूल केले म्हणूनच त्याची बाकीची साक्ष खरी मानली गेली. ठेकेदाराने मात्र अडकवलेला पगार आजतागायत दिलेला नाही. सत्य उजेडात आले तरी पैसा अंधारातच राहिला, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर माझे व्याख्यान गोष्टीच्या पुस्तकासारखे होईल.

आज तो मुलगा दुसऱ्या एका कामावर हवा मोजण्याचे यंत्र स्वतः हाताळतो. ते यंत्र पाहून मला माझा वर्ग आठवला. पोलादी भांड्यात ताजे काँक्रीट भरून झाकण घट्ट लावतात आणि वरून ठरावीक दाबाची हवा सोडतात. खडी, वाळू, पाणी दबत नाहीत. दबते ती फक्त आतली हवा. दाब किती उतरला त्यावरून हवा किती टक्के ते काट्यावर कळते. हा सारा बॉइलचा नियम. तो मुलगा फोनवर म्हणाला, "गुरुजी, तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं तेव्हा वाटायचं, याचा काय उपयोग!" शिक्षकाला पेन्शनीपेक्षा मोठे असे काही मिळत असेल तर ते हेच.

ज्यांची मुले थंड प्रदेशांत कामावर आहेत त्यांनी चार गोष्टी त्यांना अवश्य कळवाव्यात. पहिली, काम घेण्यापूर्वी मालात हवा किती ठेवायची हे लेखी विचारावे, आणि मिक्सरपाशीच नव्हे तर ओतण्याच्या जागी ती मोजावी. कारण लांबच्या वाहतुकीने, फार वेळ व्हायब्रेटर लावल्याने हवा उडून जाते, आणि राखेतला कोळसा तर हवा धरणारे द्रव्यच शोषून घेतो. दुसरी, पाणी मापाने घालावे, अंदाजाने नव्हे. तिसरी, पाणी साचणार नाही असा उतार द्यावा. चौथी, ओतलेला माल पुरेसा कठीण होईपर्यंत झाकून उबेत ठेवावा. कोवळे काँक्रीट एकदा गोठले की कितीही हवा राखली तरी ते सुधारत नाही. आणि या सर्वांची रोजच्या रोज वहीत नोंद ठेवावी. त्या मुलाजवळ अशी वही असती तर त्याला चोर म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती.

शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना. आपण दरवर्षी गुणवंतांना पारितोषिके देतो, ती द्यावीतच. परंतु जो मुलगा दहावीनंतर शाळा सोडून थापी हातात घेतो, त्याच्यासाठी आपण काही करीत नाही. वर्षातून आठ दिवस, शेतीची कामे नसताना, मुकादम आणि गवंडी मुलांचा एक वर्ग मंडळाने चालवावा. जाणकार मंडळी शिकवतील. फळा पुसायला मी आहे.

आपल्या आजोबांना चुन्यात गूळ किती घालावा हे ठाऊक होते, म्हणून त्यांचा शब्द भट्टीवर चालत असे. नातवांना सिमेंटात हवा किती ठेवावी हे ठाऊक झाले, तर त्यांचाही शब्द चालेल, आणि त्यांच्यावर आळ घेण्यापूर्वी समोरचा दोनदा विचार करील.